डोनेशन

पैशाच्या व्यवहारातील जे इंग्रजी शब्द आपल्या बोलण्यात रुळले, त्यांत 'डोनेशन' या शब्दाइतका कुलभ्रष्ट झालेला दुसरा शब्द आम्हांस आढळत नाही. कूळ तर थोर. लॅटिनमधील 'दोनुम' आणि आपले 'दान' ही एकाच प्राचीन धातूची अपत्ये. परंतु शाळा-महाविद्यालयांच्या प्रवेशाच्या दिवसांत घरोघरी हा शब्द ज्या अर्थाने उच्चारला जातो, त्यात देण्याचा भाव शोधूनही सापडत नाही.

याची साक्ष मराठी क्रियापदेच देतात. आपण दान करतो, देणगी देतो. डोनेशन मात्र 'भरतो', घरपट्टी भरावी किंवा दंड भरावा तसे. 'मुलाला प्रवेश मिळाला ना? डोनेशन किती पडले?' असे शेजारी सहज विचारून जातो. दान 'पडते' ते फक्त सोंगट्यांच्या पटावर, आणि तेथेही ते पाडून घेण्यासाठी कोणी चिठ्ठी आणत नाही.

आमच्या व्यवसायात या गोष्टीची व्याख्या स्वच्छ आहे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे १२२ वे कलम सांगते की, बक्षीस स्वेच्छेने दिलेले असावे आणि त्यास मोबदला नसावा. धर्मशास्त्राची दृष्टी निराळी नाही: आपले स्वामित्व सोडावे आणि दुसऱ्याचे उत्पन्न करावे, ते दान. परतफेडीच्या आशेने किंवा कष्टी मनाने दिलेल्या दानास गीतेचा सतरावा अध्याय राजस म्हणतो. पण खिडकीपाशी मोजलेल्या या रकमेस राजस म्हणणेही आम्हांस औदार्याचे वाटते. येथे दानच नाही; आहे ती खरेदी.

कायद्यास हे उमगले नाही असे नव्हे. अशा वसुलीविरुद्ध कर्नाटकाने १९८४ साली व महाराष्ट्राने १९८७ साली कायदे केले. १९९२ साली मोहिनी जैन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, नाव कोणतेही असो, ही शिक्षणविक्रीची किंमतच होय, असा निर्वाळा दिला. त्या निकालाच्या काही भागास पुढच्याच वर्षी दुसऱ्या निकालाने मुरड घातली, तरी कॅपिटेशन फीवरील रोष कायम राहिला. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या १३ व्या कलमाने तर प्राथमिक शिक्षणापुरती ती दंडनीय केली. तरीही शब्द टिकला, कारण तो देणारा व घेणारा या दोघांच्याही सोयीचा आहे. पावतीवर 'ऐच्छिक देणगी' असे छापले की संस्थेचे काम भागते. आणि पित्यासही आपण जागा विकत घेतली असे स्वतःशी म्हणावे लागत नाही. पैसे देऊन प्रवेश मिळाला नाही, तर मात्र हाच पिता वकिलाकडे येतो. तेव्हा ती रक्कम कशासाठी दिली, हे त्यास प्रथम आपल्याच तोंडाने सांगावे लागते, आणि तेथे बहुधा त्याचे बोलणे अडखळते.

संस्थाचालकांची अडचण खोटी नाही. इमारत उभारावयाची असते, अनुदान अपुरे असते, शिक्षकांचे पगार थांबवता येत नाहीत. मग त्या रकमेस फी म्हणावे, दर फलकावर लावावा, हिशेब तपासनिसापुढे ठेवावा. तसे केले की आकडा मोठा दिसतो आणि लोक प्रश्न विचारतात. डोनेशनला प्रश्न विचारणे मात्र असभ्य ठरते! यात खरी हानी होते ती निरपेक्ष दात्याची. गावच्या शाळेस न मागता चार वर्ग बांधून देणाऱ्या माणसाकडेही आता लोक संशयाने पाहतात: याचा नातू कोणत्या इयत्तेत आहे?

देवळाच्या सभामंडपातील फरशीवर दात्याचे नाव कोरतात, तोही मोबदलाच नव्हे काय, असे कोणी विचारील. आमच्या मते नव्हे. त्याने दिले नसते तरी त्यास दर्शन मिळालेच असते. दोहोंत भेद करावयास एवढी एकच कसोटी पुरे. नावाच्या हव्यासाचा हिशेब त्याचा त्याने करावा.

गोव्यातील देवळांत पावणी होते. देवापुढील नारळ भर सभेत बोली लावून बाजारभावाच्या कितीतरी पट किमतीला जातो. घेणारा हसत पैसे मोजतो, नारळ घरी नेतो, आणि त्या व्यवहारास कोणीही दान म्हणत नाही.