माग

मार्गशीर्षातली सकाळ. धावड्याच्या शिवारात दवाने दबलेल्या धुळीभोवती पाचसहा पोरे उकिडवी बसली होती. ऊन तिरपे असते तोवरच माग नीट दिसतो, हे मी त्यांना शिकविले होते. कोल्ह्याच्या पावलापुढे नखांचे ठिपके उमटतात. रानमांजर नखे आत ओढून चालते, म्हणून ते उमटत नाहीत. ससा धावताना त्याचे मागचे लांब पाय पुढच्या पायांच्याही पुढे पडतात. मोठे ठसे ज्या बाजूला, तिकडे ससा गेला.

"गुरुजी, ससा रोज ह्याच वाटेनं येतो का?" एकाने विचारले.

"बहुधा. ठरलेली वाट त्याला सोडवत नाही." असा प्रश्न सुचला म्हणून मी त्याची पाठ थोपटली.

चौथ्या दिवशी हरभऱ्याच्या बांधाशी, त्याच वाटेवर, तारेचा फास होता आणि फासात ससा. पोराने मान खाली घातली. फास कोणी लावला, हे मी विचारले नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार सशाची शिकार हा आज गुन्हा आहे. पण मला बोचले ते निराळेच. फास कोणाचाही असो, वाट मी दाखविली होती.

ज्ञान निर्मळ असते, असे आपण मोठ्या विश्वासाने म्हणतो. परंतु ज्याची वाट आपल्याला कळली, तो थोडा आपल्या हाती आलाच. माग म्हणजे मुक्या जिवाने नकळत सांगितलेले गुपित.

मग शिकवूच नये काय? २०१९ साली टिपेश्वरचा एक तरुण वाघ हजाराहून अधिक किलोमीटर चालत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. त्याच्या गळ्यातल्या पट्ट्यामुळे वनखात्याला त्याची वाट कळत होती, म्हणून त्याची राखण करता आली. वाट कळणे तेच, कळणारा निराळा. शिवाय ज्याला वाट ठाऊकच नाही, तो ती सहज नांगरून टाकतो.

माझा दोष शिकविण्यात नव्हता, अर्धवट शिकविण्यात होता. ससा कुठे जातो ते मी सांगितले. भुकेपोटी, जीव मुठीत धरून जातो, हे सांगायचे राहिले.

पुढच्या आठवड्यात आम्ही पुन्हा गेलो. त्याच पोराला नवा माग सापडला.

"गुरुजी, फळ्यावर काढू?"

"काढ. पण कुठल्या बांधावरचा, ते लिहू नकोस."

त्याने मान डोलावली. तिच्यावर विश्वास ठेवण्यावाचून मास्तराला दुसरा उपाय नाही.