मुदत संपली, माणूस उरला

(काका निवृत्त वकील, बनारसच्या ब्रह्माघाटावर राहणारे. पुतणी सारनाथच्या, १९६७ साली स्थापन झालेल्या तिबेटी संस्थेत संशोधन करते.)

पुतणी : काका, आमच्याकडे एक मुलगा आहे, गोंदियातल्या गोठणगावच्या तिबेटी वसाहतीत वाढलेला. मराठी अगदी आपल्यासारखं बोलतो. आरसी, म्हणजे परदेशी म्हणून नोंदणीचं प्रमाणपत्र, रिन्यू करायची तारीख जवळ आली की त्याचं कशात लक्ष लागत नाही. समजा, नाही म्हणाले तर?

काका : तर कायद्याच्या लेखी तो बेकायदा राहणारा परदेशी. भाड्याची खोली, बँकेचं खातं, परदेशी जायचं पिवळं पुस्तक, सगळं त्या आरसीवर. आपण १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही. राहू देणं ही सरकारची मर्जी.

पुतणी : जन्म इथला असला तरी?

काका : १ जुलै १९८७ पूर्वीचा असेल तर नागरिक. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० मध्ये एका तिबेटी मुलीच्या दाव्यात तेच सांगितलं. नंतरचा असेल आणि आईबाप दोघेही परदेशी, तर नाही.

पुतणी : म्हणजे १९८६ चा थोरला भारतीय आणि १९८८ चा धाकटा परका!

काका : रेघ कुठेतरी ओढावीच लागते. १९५९ मध्ये एवढ्या तिबेटी लोकांना आत घेता आलं, ते तात्पुरतं म्हणूनच. तात्पुरत्याचं कायम होणारच म्हटलं, तर पुढच्या खेपेला कोणतं सरकार दार उघडेल?

पुतणी : पटतं. पण पिढ्यान् पिढ्या मुदत वाढवत राहायचं, आणि माणसाने मात्र संसार थाटायचा नाही?

काका : बेल्जियमचे लुई डी रेट १९३७ पासून इथे होते. परवाना वाढवून मिळाला नाही. सुप्रीम कोर्ट १९९१ मध्ये म्हणालं, जिवाचं संरक्षण परक्यालाही आहे, इथे राहण्याचा हक्क मात्र नाही.

पुतणी : त्यांना परतायला बेल्जियम होतं. याने कुठे जायचं?

काका : तिथे माझंही अडतं. १९९६ मध्ये चकमा निर्वासितांच्या प्रकरणात त्याच कोर्टाने बजावलं होतं, नागरिक असो वा नसो, जीव राखणं हे राज्याचं काम.

पुतणी : म्हणजे नकार मिळाल्याने तो जाणार नाही. इथेच राहील, घरमालकाला आणि पोलिसाला चुकवत. आज सरकारला त्याचा पत्ता ठाऊक आहे, उद्या तोही नसेल.

काका : सुरक्षेच्या नावाने दिलेला नकार सुरक्षेलाच बाधणार, असं म्हण. तरी नकाराचा अधिकार सरकारकडेच हवा. ते मी सोडणार नाही.

पुतणी : सोडा असं मीही म्हणत नाही. कारण लेखी द्या, त्याचं ऐकून घ्या, निकाल लागेपर्यंत जुनी आरसी चालू ठेवा.

काका : आणि जिवाला धोका असेल तिथे धाडू नका. एवढं जमत नसेल, तर त्या सरकारने नकाराचा शिक्का उचलू नये.