संशयिताचे घर आणि लोकांचे तर्क

एखाद्या माणसावर अनेक खुनांचा संशय आला, की त्याच्या घराच्या दोन झडत्या सुरू होतात. एक झडती पोलीस पंचांसमक्ष घेतात आणि तिची नोंद पंचनाम्यात, म्हणजे घटनास्थळी काय दिसले व काय ताब्यात घेतले याच्या साक्षीदारांच्या सह्यांनिशी केलेल्या लेखी वृत्तान्तात होते. दुसरी झडती कुंपणाबाहेर, पारावर, एसटीच्या थांब्यावर आणि दूरचित्रवाणीच्या पडद्यावर चालते, आणि तिला पंच नसतात, सील नसते, शेवटही नसतो. ऑगस्ट २०१६मध्ये सातारा जिल्ह्यातील वाई तालुक्यात, धोम गावी, संतोष पोळ याच्या शेतघराच्या आवारात उकरणी सुरू झाली तेव्हा या दोन्ही झडत्या एकाच वेळी चालल्या होत्या. परिसरात डॉक्टर म्हणून वावरणाऱ्या या आरोपीवर २००३ ते २०१६ या काळात सहा जणांचे खून केल्याचा आरोप आहे. त्यांतील बहुतेक मृतदेह शेतघराच्या आवारातच पुरले होते आणि एक पाण्यात टाकला होता, असे पोलिसांनी त्या वेळी सांगितले. आकडा सहावरच थांबतो का, आवारात अजून कोठे उकरायचे राहिले आहे का, इतकी वर्षे कोणाला काहीच कसे दिसले नाही, हे प्रश्न त्यानंतर सर्वतोमुखी झाले. या प्रश्नांना उथळ कुतूहल म्हणून झिडकारणे अन्यायाचे होईल, कारण त्यांच्या मुळाशी ज्यांचे माणूस परतले नाही त्यांचे दुःख असते; परंतु हीच लोकांची झडती पुढे न्यायालयात त्या दुःखाच्या विरुद्ध साक्ष देऊ शकते, आणि ते कसे घडते याकडे आपल्याकडे फारसे लक्ष दिले जात नाही.

लोकांचा प्रश्न असतो, घरात काय सापडले? कायद्याचा प्रश्न त्याहून अरुंद आणि कठीण आहे: जे सापडले ते तेथे आहे हे कोणाला ठाऊक होते, आणि त्याला ते ठाऊक होते हे कशावरून? १८७२च्या भारतीय पुरावा कायद्याच्या कलम २५ने पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध वापरण्यास मनाई केली, आणि कलम २७ने तिला एक मर्यादित अपवाद ठेवला. आरोपीने दिलेल्या माहितीमुळे एखादी गोष्ट उघडकीस आली, तर त्या माहितीचा तेवढाच भाग पुराव्यात येऊ शकतो. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ही तरतूद कलम २३मध्ये कायम आहे. तिचा अर्थ प्रिव्ही कौन्सिलने १९४६मध्ये पुलुकुरी कोट्टय्या खटल्यात असा लावला, की आरोपीने आपल्या घराच्या छपरात लपवलेला सुरा काढून दिला म्हणून सुऱ्याचा शोध लागला असे होत नाही. शोध लागतो तो सुरा त्या घरात लपवलेला होता आणि ते त्याला माहीत होते या गोष्टीचा, आणि त्याच सुऱ्याने खून झाला हे वेगळे सिद्ध करावे लागते. म्हणजे संशयिताच्या घरातली वस्तू स्वतः काही बोलत नाही. ती कोणत्या क्षणी, कोणाच्या सांगण्यावरून, कोणासमोर निघाली आणि तेथून प्रयोगशाळेपर्यंत मुद्देमाल म्हणून कोणाकोणाच्या हातून गेली, या सलग हिशेबातच तिचे सारे बळ असते. जागा आधीच सगळ्यांना माहीत झाली असेल, तर ती दाखवून देणाऱ्या आरोपीने कोणती नवी गोष्ट उघड केली, हा प्रश्न बचावपक्ष विचारतो, आणि तो विचारण्याचा त्याला पूर्ण अधिकार आहे.

हा प्रश्न किती महाग पडू शकतो, हे निठारीने दाखवले. दिल्लीलगतच्या नोएडातील सेक्टर ३१मधल्या डी-५ या घरामागच्या नाल्यातून २९ डिसेंबर २००६ रोजी कवट्या व हाडे निघू लागली. निठारी गावातील मुले त्याआधी कित्येक महिने बेपत्ता होत होती, आणि गरीब आईबापांच्या तक्रारींकडे पोलिसांनी दुर्लक्ष केले होते. त्यामुळे लोकांचा संताप अनावर झाला, यात नवल नाही. घरमालक मोनिंदरसिंग पंढेर आणि घरगडी सुरिंदर कोली यांना अटक झाली, जानेवारी २००७मध्ये तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला, आणि दरम्यान त्या घराविषयी नरभक्षणापासून अवयवांच्या व्यापारापर्यंतचे तर्क देशभर पसरले. एका खटल्यात कोलीला फाशीची शिक्षा झाली, ती सर्वोच्च न्यायालयापर्यंत कायम राहिली, सप्टेंबर २०१४मध्ये फाशी अगदी तोंडावर आली असताना तिला स्थगिती मिळाली, आणि २०१५मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने ती जन्मठेपेत बदलली. उरलेल्या खटल्यांत १६ ऑक्टोबर २०२३ रोजी त्याच उच्च न्यायालयाने कोली व पंढेर या दोघांना निर्दोष सोडले, जुलै २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालांवर शिक्कामोर्तब केले, आणि ११ नोव्हेंबर २०२५ रोजी उपचारात्मक याचिकेवर, म्हणजे सर्व मार्ग संपल्यावर अंतिम निकालातील गंभीर अन्याय दूर करण्यासाठी ठेवलेल्या अखेरच्या वाटेवर, कोलीची उरलेली एकमेव शिक्षाही रद्द झाली.

या निकालांतील कारणे प्रत्येक जागरूक नागरिकाने वाचावीत अशी आहेत. ज्या माहितीवरून हाडे निघाली असे म्हटले गेले, तो आरोपीचा जबाब उकरणीच्या वेळीच नीट नोंदवलेला नव्हता. हाडे मिळाली ती जागा घराच्या बंद खोलीतली नसून सर्वांना मोकळ्या असलेल्या भागातली होती, आणि पोलीस आरोपीला घेऊन येण्यापूर्वीच तेथे लोक जमून उकरणी सुरू झाली होती. प्रत्यक्ष घराच्या आत तज्ज्ञांनी शोध घेतला असता, इतके खून व देहांचे तुकडे तेथेच झाले असतील तर ज्या खुणा मिळायला हव्यात, त्या मिळाल्या नाहीत. कोलीचा दंडाधिकाऱ्यापुढचा कबुलीजबाब सुमारे साठ दिवसांच्या पोलीस कोठडीनंतर घेतलेला होता. यातील एक बाब मात्र लोकांच्या तर्काच्या बाजूने जाते आणि ती लपवणे अप्रामाणिकपणाचे ठरेल: अवयवांच्या व्यापाराची शक्यता तपासावी अशी शिफारस केंद्र सरकारने नेमलेल्या समितीने केली होती, आणि ती दिशा गांभीर्याने तपासली गेली नाही याबद्दल उच्च न्यायालयाने तपासयंत्रणेला दोष दिला. तेव्हा लोकांचा तर्क खोटाच असतो असे मुळीच नाही. तो तपासला गेला नाही, तर खोटा ठरवण्याची आणि खरा ठरवण्याची, दोन्ही संधी एकदमच हातून जातात, आणि निठारीत नेमके तेच झाले.

धोमच्या प्रकरणात अडचण वेगळ्या जातीची आहे. स्नायू लुळे पाडणारे, भूल देताना वापरले जाणारे सक्सिनिलकोलीन हे औषध टोचून खून केले, असे पोलिसांनी म्हटल्याचे त्या वेळी वृत्तपत्रांत आले, आणि या औषधाचा स्वभाव असा, की शरीरात गेल्यावर ते अल्पावधीत विघटित होते आणि त्यापासून शेवटी उरणारे घटक निरोगी शरीरातही असतातच. ताज्या मृतदेहातही ते शोधणे अवघड, मग बारा-तेरा वर्षे मातीत राहिलेल्या सांगाड्यात त्याचा माग लागेल अशी अपेक्षा कोणत्याही रसायनशास्त्रज्ञाकडून करता येत नाही. हाडे व दात यांतून मृताची ओळख पटवता येते, कारण त्यांत डीएनए, म्हणजे पेशीतील आनुवंशिक द्रव्य, दीर्घकाळ टिकते आणि जवळच्या नातलगांच्या नमुन्याशी ते ताडून पाहता येते. वय, लिंग आणि हाडावर उमटलेला घाव हेही कळते. परंतु हाडाला स्पर्श न करता आलेल्या मृत्यूचे कारण हाड सांगू शकत नाही. म्हणून अशा खटल्याचा भार औषध कोठून आणले याच्या कागदांवर, दूरध्वनीच्या नोंदींवर, दागिन्यांच्या व्यवहारांवर आणि माफीच्या साक्षीदारावर, म्हणजे गुन्ह्यात सामील असून खरी हकिकत सांगण्याच्या अटीवर माफी मिळालेल्या व्यक्तीवर, येऊन पडतो. धोम प्रकरणात सहआरोपी परिचारिका अशी साक्षीदार झाली. लोकांच्या कल्पनेला मात्र कागदांत रस नसतो, तिला तळघर हवे असते. ऑगस्ट २०२०मध्ये 'देवमाणूस' ही मालिका सुरू झाली, या प्रकरणावरून सुचलेली म्हणून ती घरोघरी ओळखली गेली, आणि निकाल लागण्यापूर्वीच अनेकांच्या मनात त्या शेतघराचा अंतर्भाग पक्का झाला. पडद्यावर पाहिलेले आणि गावात ऐकलेले यांची सरमिसळ साक्षीदाराच्या आठवणीतही होऊ शकते, हा धोका करमणुकीच्या हिशेबात धरला जात नाही.

पुण्याला असल्या तर्कांचा अनुभव जुना आहे. १९७६-७७च्या जोशी-अभ्यंकर हत्याकांडात शहर संध्याकाळनंतर दारे लावून बसत होते. संशयाची सुई कोठेकोठे फिरली, आणि त्या मालिकेतील पहिल्या बळीचा, जानेवारी १९७६मध्ये मारलेल्या महाविद्यालयीन तरुणाचा देह मात्र पिंपात घालून सारसबागेलगतच्या पेशवे पार्कच्या तळ्यात बुडवलेला होता. शेकडो कुटुंबे मुलांना घेऊन जेथे फिरायला जात, ते पाणी कोणाच्याही तर्कात आले नाही. तो देह हाती लागला १९७७मध्ये, आरोपी पकडले गेल्यावर. त्याआधी १९६८मध्ये मुंबईत खुनांच्या मालिकेसाठी रामन राघवला पकडले, तेव्हा झडती घेण्याजोगे त्याला घरच नव्हते. तो पोपटाचे किंवा मांजराचे रूप घेतो असे उपनगरांतले लोक बोलत होते, आणि त्याची ओळख पटली ती पोलीस दप्तरातील जुन्या बोटांच्या ठशांवरून. लोकांनी भयाला आकार दिला होता, यंत्रणेने एका नोंदीशी दुसरी नोंद जुळवली, आणि काम झाले ते नोंदीने.

या दृष्टीने पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुक्याकडे पाहिले पाहिजे, कारण धोमसारखी भूमी येथेही आहे: धरणाचे पाणी, डोंगरउतार, आणि वर्षातले बहुतेक दिवस कुलूपबंद राहणारी शेतघरे. भूगाव-पिरंगुटपासून पौड-माले ओलांडून ताम्हिणी घाटापर्यंत जमिनींची मालकी गेल्या काही दशकांत ज्या वेगाने बदलली, तिने गावाची एक जुनी ज्ञानव्यवस्था मोडून काढली आहे. कोणाच्या आवारात खड्डा खणला जातो आहे आणि कशासाठी, हे पूर्वी न विचारता कळे. आता तारेच्या कुंपणापलीकडे काय चालते ते पहारेकऱ्यालाही ठाऊक असतेच असे नाही. महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियम, १९६७ प्रमाणे नेमलेला पोलीस पाटील हा गावातील गुन्हे व संशयास्पद गोष्टी वर कळवणारा पहिला दुवा. पण त्याची सारी माहिती ओळखीच्या घरांवर उभी असते, आणि जेथे सातबाऱ्यावरचा मालक गावाने क्वचितच पाहिलेला असतो तेथे तो दुवा निकामी होतो. ही पोकळी अफवेने भरून निघते. त्यातच २०१८च्या 'मुळशी पॅटर्न' या चित्रपटाने, जमीन गमावलेल्या शेतकऱ्याच्या मुलाची खरी व्यथा मांडूनही, तालुक्याच्या नावाला गुन्हेगारीची अशी छाया जोडून दिली, की येथील कोणत्याही बंद बंगल्याविषयी काहीही सांगितले तरी ऐकणाऱ्याला ते पटण्याजोगे वाटते. हा येथील कष्टकरी माणसांवरचा अन्याय आहे, आणि तपासाच्या दृष्टीनेही तो घातक आहे, कारण सगळ्याच घरांवर संशय घेणारा समाज ज्या एका घरावर संशय घ्यायला हवा तेथेच गाफील राहतो.

बोलण्यावर बंदी हा यावरचा उपाय नाही. कॅनडात ब्रिटिश कोलंबिया प्रांतात, अनेक स्त्रियांच्या खुनांचा आरोप असलेल्या रॉबर्ट पिक्टनच्या वराहपालन केंद्रात २००२पासून मानववंशशास्त्राचे प्रशिक्षण घेतलेल्यांनी माती पट्ट्यांवरून सरकवत, चाळून तपासली आणि तेथे तेहतीस स्त्रियांचे डीएनए मिळाले. तेथील न्यायालयाने प्राथमिक सुनावणीतील पुरावा छापण्यास मनाई केली होती. परंतु तेथेही स्त्रिया वर्षानुवर्षे नाहीशा होत असताना त्यांच्या नातलगांना कोणी दाद दिली नव्हती, आणि छापण्यावरच्या मनाईने तो दोष धुऊन निघत नाही. महाराष्ट्रापुरते पाहता, मुंबई उच्च न्यायालयाने १८ जानेवारी २०२१ रोजी नीलेश नवलखा यांच्या याचिकेवर दिलेला निर्णय अधिक उपयोगी आहे; तपास चालू असताना माध्यमांनी खटला चालवणे हा न्यायदानातील हस्तक्षेप ठरू शकतो असे सांगताना त्याने कथित कबुलीजबाबांना प्रसिद्धी देणे आणि गुन्ह्याचे काल्पनिक चित्रण करणे टाळण्यास सांगितले. येथे खरा दोष बहुधा कुंपणाबाहेरच्या माणसाचा नसतो. उकरणीच्या जागी कॅमेरे जाऊ देणारा, आरोपीने काय कबूल केले ते पत्रकार परिषदेत सांगणारा अधिकारी आपल्याच हाताने जुन्या कलम २७चा, म्हणजे आताच्या कलम २३चा, आधार पोखरत असतो. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने झडती व जप्तीचे चित्रीकरण बंधनकारक केले आहे आणि सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी यावे अशी तरतूद केली आहे. ती पौडसारख्या ग्रामीण ठाण्यात खरोखर अमलात यायची, तर तज्ज्ञ, वाहने आणि प्रयोगशाळांतील मनुष्यबळ यांवर खर्च करावा लागेल, आणि त्या खर्चाची मागणी लोकांनी केली पाहिजे.

त्याहून निकडीची मागणी हरवलेल्या माणसांच्या नोंदीची आहे. प्रौढ स्त्री घरातून नाहीशी झाली, की ती स्वतःच्या मर्जीने गेली असेल असे गृहीत धरून ठाण्यातील वही मिटली जाते. धोम प्रकरणातील पहिली व शेवटची घटना यांत तेरा वर्षांचे अंतर आहे, आणि त्या तेरा वर्षांत हरवल्याच्या वेगवेगळ्या नोंदी एकमेकींशेजारी ठेवून पाहिल्या गेल्या असत्या, तर शेतघराविषयीचा तर्क माणसे जिवंत असतानाच करता आला असता. बेपत्ता व्यक्तीच्या आईचा किंवा भावंडाचा डीएनए नमुना तक्रारीबरोबरच जपून ठेवणे आणि घाटात, नदीत, धरणात मिळणाऱ्या बेवारस देहांशी तो नियमाने ताडणे, हे काम आजच्या विज्ञानाच्या आवाक्यात आहे. निठारी प्रकरणातील नोव्हेंबर २०२५च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने, एवढ्या दीर्घ तपासानंतरही खरा गुन्हेगार कोण हे कायद्याच्या कसोटीस उतरेल अशा रीतीने सिद्ध झाले नाही, याबद्दल खेद नोंदवला. निठारीतील त्या आईबापांना आता पुन्हा तपास मागायचा झाला, तरी जवळ दाखवण्यासारखी एकच वस्तू आहे, २००५-०६मध्ये ठाण्यात दिलेल्या आणि तेव्हा कोणी न वाचलेल्या तक्रारी.