सार्थ अंक

आम्हा दमामकरांची शुक्रवारची ठरलेली सहल म्हणजे हाफ मून बीच. गेल्या हिवाळ्यात अकरावीतल्या लेकीने तिथून एक दगड उचलून आणला. शाळेत घनता काढायचा प्रयोग होता. दगडाचं वस्तुमान ३२ ग्रॅम, मोजपात्रातलं पाणी चढलं १२ मिलिलिटर. तिने भागाकार केला आणि वहीत लिहिलं २.६६६६६६७. बाईंनी लाल शाईने त्याचं २.७ केलं.

स्वारी घरी आली ती तणतणतच. "बाबा, माझं उत्तर जास्त अचूक नाही का?"

मी तिला सार्थ अंक समजावले. वस्तुमान दोन अंकी, आकारमान दोन अंकी, मग उत्तरात आठ अंक आले कुठून? ते कॅल्क्युलेटरचे, तुझ्या मोजमापाचे नव्हेत. "जेवढं मोजलं, तेवढंच बोलावं," मी म्हणालो. अमेरिकेत एम.एस. केल्याचं सार्थक झाल्यासारखं वाटलं!

पुढच्या आठवड्यात आवर्तसारणीचा प्रकल्प आला. प्रत्येकाला एक मूलद्रव्य. हिच्या वाट्याला हेलियम, अणुक्रमांक २, सारणीच्या उजव्या वरच्या कोपऱ्यातला. मी खुर्चीतून उडालोच. "अगं, हा तर आपल्या कोकणातला! १८६८ साली लॉकयर साहेबाने विजयदुर्ग किल्ल्यावरून ग्रहण पाहिलं आणि हेलियम शोधला. किल्ल्यावर साहेबाचे ओटे अजून आहेत." मंडळी, तुम्हाला आठवत असेल, मागच्या महाराष्ट्र दिनाला मी हेच आपल्या व्यासपीठावरून सांगितलं होतं आणि टाळ्या घेतल्या होत्या.

दोन दिवसांनी लेक शांतपणे म्हणाली, "बाबा, १८६८ मध्ये लॉकयर भारतात नव्हतेच."

मग मीही वाचायला बसलो. १८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास ग्रहण भारतातून दिसलं हे खरं. फ्रेंच शास्त्रज्ञ यान्सेन गुंटूरला होते. सूर्याच्या ज्वालांच्या वर्णपटात सोडियमच्या रेषांजवळ एक पिवळी रेषा दिसली. लॉकयर यांनी ती २० ऑक्टोबरला इंग्लंडमधून, ग्रहण नसताना पाहिली आणि ती सोडियमची नाही हे ओळखलं. १८९५ साली रॅम्झी यांना पृथ्वीवरच्या खनिजात हेलियम सापडला. लॉकयर विजयदुर्गला आले खरे, पण २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. म्हणजे दोन ग्रहणांची गल्लत झाली आणि त्यातून आपली अभिमानकथा तयार झाली.

पहिल्यांदा वाईट वाटलं. मग मनात वकिली सुरू झाली. काय बिघडलं? परक्या देशात वाढणाऱ्या मुलांना आपल्या मातीचा अभिमान वाटावा, म्हणून थोडं फुगवून सांगितलं तर नुकसान कुणाचं?

नुकसान आपलंच आहे. प्रोजेक्टच्या बैठकीत "नव्वद टक्के काम झालं" असं मीही सांगितलेलं आहे. ते उघडं पडल्यावर पुढचा खरा आकडासुद्धा लोक निम्मा करूनच ऐकतात. मुलांचंही तसंच होतं. विजयदुर्ग पोकळ निघाला, की उद्या शिवाजी महाराजांच्या आरमाराबद्दल खरं सांगितलं तरी त्यांच्या मनात शंका येणार. जास्तीचा अंक एकटा खोटा ठरत नाही, शेजारच्या खऱ्या अंकांनाही तो संशयात ओढतो.

आणि गंमत म्हणजे, फुगवटा काढल्यावरही हात रिकामे राहत नाहीत. त्याच १८६८ च्या ग्रहणात लंडनच्या रॉयल सोसायटीच्या वतीने लेफ्टनंट जॉन हर्शल यांनी जमखंडीहून, पटवर्धनांच्या मराठी संस्थानातून, वर्णपटाची निरीक्षणं केली. पुढे विजयदुर्गलाही लॉकयर यांच्यासारखा शास्त्रज्ञ सातासमुद्रापलीकडून येऊन राहिला. हे काय कमी आहे?

लेकीने प्रकल्पात विजयदुर्ग ठेवला, फक्त साल १८९८ लिहिलं. तिने वही दाखवली आणि हसत विचारलं, "सार्थ अंक बरोबर आहेत ना, बाबा?"

तेव्हा मंडळी, मागच्या वर्षीच्या टाळ्या परत करता येणार नाहीत, पण चूक दुरुस्त करता येते. स्मरणिकेतली ही दोन पानं त्यासाठीच मागून घेतली.