निवत ठेवलेलं

आमच्या मोरीमागे गवती चहाचा एक ठोंब आहे. मुरबाड-शहापूरकडे कितीतरी घरांमागे तो दिसतो, आणि बहुधा मोरीच्या तोंडाशीच दिसतो. त्याला मुद्दाम पाणी घालायला कुणी जात नाही. तांदूळ धुतलेलं, भाजी विसळलेलं, हातपाय धुतलेलं पाणी वाहत जातं, त्यावर तो जगतो. एप्रिल लागला की बांधावरचं गवत पिवळं पडतं, भाताची खाचरं भेगाळतात. हा ठोंब मात्र हिरवाच असतो. तसं हेही गवतच. भात, वाळा आणि गवती चहा हे तिघं एकाच कुळातले. पात घाईने ओढली तर बोट कापतं. चुरगळली की हाताला लिंबाचा वास कितीतरी वेळ राहतो, कारण लिंबाच्या सालीत असणारं सिट्रल नावाचं सुगंधी द्रव्य या पातीत भरपूर असतं. नावात चहा असला तरी चहाच्या झुडपाशी तिचं नातं नाही, त्यामुळे तिच्यात कॅफिनही नाही. वर्षभर आपण तिला चहापुडीच्या सोबतीला घालतो. पावसाळ्यात, सर्दीत, पाहुणे आले की दुधाच्या चहात चार तुकडे. तिची स्वतःची चव कशी आहे, हे विचारायला फुरसत होत नाही. उन्हाळ्यात ती विचारावी.

सकाळचा पहिला चहा उतरला की त्याच गॅसवर दुसरं पातेलं चढवायचं. 1 लिटर पाणी. 8-10 पाती धुऊन, कात्रीने बोटभर तुकडे करून टाकायची. आल्याचा छोटा तुकडा ठेचून घालायचा. 5 मिनिटं उकळलं की गॅस बंद करायचा, वरून मूठभर पुदिना किंवा तुळशीची पाच-सहा पानं घालायची, आणि लगेच झाकण ठेवायचं. वास वाफेबरोबर निघून जातो. झाकण असलं की तीच वाफ थेंब होऊन परत पातेल्यात पडते. सुपारीएवढा गुळाचा खडा गरम असतानाच विरघळवून घ्यावा. घरात कुणाला साखरेचा आजार असेल तर गूळही नको, त्यांचा पेला गोडाशिवाय आधी काढून ठेवावा. घामाबरोबर मीठ जातं, म्हणून चिमूटभर मीठ घालावं. लिंबू पिळायची घाई करू नये, ते अगदी शेवटी. इथवर हाताला काम असतं. यापुढे काहीच करायचं नसतं, आणि मला तरी हाच भाग सगळ्यांत अवघड जात असे. मी दर दहा मिनिटांनी झाकण उघडून बघायचे. सासूबाई म्हणायच्या, "निवू दे गं, ते कुठे पळून जात नाही." तेव्हापासून हा शब्द माझ्याजवळ राहिला आहे. थंड आपण करतो, निवतं ते आपलं आपण. फ्रिज थंड करतो. निवायला मात्र सावली लागते, थोडा वारा लागतो आणि वेळ लागतो. लेकरू शाळेतून नीट घरी आलं की डोळे निवतात. दारच्या माणसाने दोन घोट घेतले की त्याचा जीव निवतो. शब्द तोच आहे. पातेलं निवलं की गाळून स्टीलच्या बरणीत भरायचं आणि बरणी ओल्या फडक्यात गुंडाळून माठाशेजारी, वारा येईल अशी ठेवायची. माठात ओतू नये, गुळाने माठाची छिद्रं बुजतात आणि माठ कामातून जातो. फडकं सुकत जातं तशी बरणीतली उष्णता घेऊन जातं, दोनदा भिजवलं की दुपारपर्यंत छान गार होतं. मुंबईच्या दमट हवेत ही युक्ती तितकी चालत नाही, तिथे फडकं सुकतच नाही. आमच्याकडे डोंगराच्या पायथ्याची हवा कोरडी असते आणि पारा 40 अंशांच्या वर जातो. जे ऊन आपल्याला तापवतं, तेच बरणी गार करतं. दुपारी वीज गेली तरी तिचं काही अडत नाही. घरात फ्रिज असेल तर हाच काढा बर्फाच्या ट्रेमध्ये भरून ठेवावा. त्याचे खडे पेल्यात घातले तर चव पाणचट होत नाही.

हे सगळं सांगायचं कारण वेगळंच आहे. हे पेय तहान लागल्यावर करता येत नाही. दुपारी तीन वाजता उन्हातून आलेला माणूस ओट्यावर टेकतो, गमछ्याने मान पुसतो, तेव्हा गवती चहा तोडायला निघालं तर फार उशीर झालेला असतो. मग हाताशी येतं ते दुकानातल्या बाटलीतलं रंगीत गोड पाणी, नाहीतर पुन्हा कडक चहा. चहाला मी नावं ठेवत नाही, सकाळचा चहा मलाही लागतो. पण कॅफिन अंगात बराच वेळ राहतं, निम्मं व्हायलाच साधारण 5 तास जातात. संध्याकाळी पाचला घेतलेला कप रात्री दहाला निम्मा जागाच असतो. उकाड्याने आधीच झोप येत नाही, त्यात त्याची भर कशाला? म्हणून सकाळीच दुपारची आठवण ठेवायची. पातेल्यात पाणी ओततानाच मनात माणसं येतात. आसनगावला लोकलमधून उतरून रिक्षाच्या रांगेत उभा राहणारा मुलगा. कल्याणहून येणाऱ्या एसटीत खिडकीजवळ उन्हाच्या बाजूला बसलेली नणंद. मीटर बघायला येणारा माणूस, ज्याचं नाव आपल्याला ठाऊक नसतं. करवंदाची टोपली डोक्यावर घेऊन दारी येणारी बाई. यातलं कोण येईल हे सकाळी सात वाजता कसं कळावं? ते कळायची गरजही नाही. आपल्या माणसांच्या हिशेबाने करायचं आणि वर एक पेला जास्त धरायचा. कोणी आलं नाही तर तो पेला रात्री जेवणानंतर आपणच घ्यायचा. पण मी बघते, तो पेला फारसा उरत नाही. आणि कधीकधी तीन वाजता उन्हातून आलेलं माणूस आपणच असतो. कपडे वाळत घालून, धान्याला ऊन देऊन, डोकं भणभणत आत येतो. फडक्यात गुंडाळलेली बरणी समोर दिसते. सकाळी आपणच ठेवलेली असते, तरी कुणीतरी आपली वाट बघत होतं असं वाटतं.

यातल्या पाण्याबद्दलही बोलायला हवं. तानसाचं धरण 1892 सालचं, शहापूर तालुक्यातलं. भातसाही इथलंच. मुंबईतल्या कितीतरी घरांच्या फ्रिजमधला बर्फ मुळात याच डोंगरांवर पडलेला पाऊस असतो. आणि याच तालुक्यात, कसाऱ्याकडच्या पाड्यांवर, उन्हाळ्यात बाया टँकरची वाट बघत हंडे रांगेत लावून बसतात. हे मला फार लागतं. म्हणून 1 लिटर म्हणजे 1 लिटरच घ्यावं, जितकं प्यायलं जाईल तितकंच. पाती धुतलेलं पाणी ठोंबालाच द्यावं. उकळून गाळलेली पातीही त्याच्याच बुडाशी टाकावीत, उन्हाळाभर माती झाकलेली राहते. सकाळच्या गाडीने जाणाऱ्यांनी आदल्या रात्रीच उकळून झाकून ठेवावं, म्हणजे उठल्यावर गाळून बाटली भरायला दोन मिनिटंही लागत नाहीत. बाटलीभोवती ओलं फडकं आणि त्यावर सैल विणीची कापडी पिशवी. डब्यात शेजारी बसलेल्या माणसाला वास जातोच, तेव्हा बाटलीच्या झाकणात थोडं ओतून त्यालाही द्यावं. ठोंब विकत आणायला रोपवाटिकेत जायची गरज नाही. मृगाचा पहिला चांगला पाऊस झाला की ज्यांच्या मोरीमागे तो आहे त्यांच्याकडे जा आणि मुळासकट एक फुटवा मागा. याला कुणी नाही म्हणत नाही. वरची पाती अर्ध्यावर कापा, मोरीचं पाणी जिथे जिरतं तिथे वीतभर खड्डा करा आणि लावून टाका. पुढच्या चैत्रात त्याची पाती बरणीभर पुरतील.