अनुपस्थित यजमान

दूर बसून केलेल्या कामाचा कर्ता कोण, हा प्रश्न संगणकाहून कितीतरी जुना आहे. अग्निहोत्र घेतलेला गृहस्थ प्रवासाला गेला, तरी घरचा होम थांबत नसे. ऋत्विज, मुलगा किंवा शिष्य त्याच्या वतीने सकाळ-संध्याकाळ आहुती देत असे. हात एकाचा, गाव दुसरे आणि फळ मात्र यजमानाचे. यज्ञविधींचा अर्थ लावणाऱ्या मीमांसकांनी या व्यवस्थेचा कसून विचार केला. जैमिनीच्या सूत्रांच्या तिसऱ्या अध्यायात निवाडा आहे तो असा, की यज्ञाचे फळ तो करवणाऱ्याकडे जाते. दक्षिणा घेऊन विधी पार पाडणाऱ्या ऋत्विजांकडे नाही. विंडोजच्या पडद्यावरून परगावचा लिनक्स संगणक चालवणारा माणूस आज या अनुपस्थित यजमानाच्याच जागी बसलेला असतो आणि त्यालाही तोच निवाडा लागू पडतो, असे माझे म्हणणे आहे. कर्तेपण शरीर कुठे आहे यावर ठरत नाही. संकल्प कोणाचा आणि अधिकार कोणाचा यावर ते ठरते, आणि मधल्या अंतरामुळे त्यात कणभरही घट होत नाही.

या जोडणीत प्रत्यक्ष काय घडते ते आधी पाहू, कारण तत्त्वचर्चेतले पुष्कळसे गोंधळ यंत्र नीट न पाहिल्यामुळे होतात. उबुंटूसारख्या लिनक्सवर एक्सआरडीपी नावाचे सॉफ्टवेअर बसवतात, त्याची सेवा चालू करतात आणि फायरवॉलमध्ये ३३८९ क्रमांकाचे पोर्ट मोकळे करतात. विंडोजमध्ये ‘रिमोट डेस्कटॉप कनेक्शन’ आधीपासूनच असते. त्यात लिनक्स संगणकाचा पत्ता आणि तिथले युजरनेम-पासवर्ड दिले, की तिकडचा डेस्कटॉप इकडे दिसू लागतो. मायक्रोसॉफ्टने १९९८ साली विंडोज एनटीच्या टर्मिनल सर्व्हर आवृत्तीत आणलेला हा प्रोटोकॉल दोनच गोष्टींची ने-आण करतो म्हटले तरी चालेल: इकडून तिकडे कळा दाबल्याची आणि माउस हलल्याची खबर, तिकडून इकडे बदललेले चित्र. फाइल पुसली जाते ती तिकडे. प्रोग्रॅम चालतो तो तिकडे. आपल्या टेबलावर चित्रापलीकडे काहीच घडत नाही. शिवाय एक्सआरडीपी सहसा स्वतःचे वेगळे सत्र उघडते, त्यामुळे त्या लिनक्स संगणकासमोर कोणी प्रत्यक्ष बसलेला असेल, तर त्याला आपली हालचाल दिसतही नाही. जो तिथे हजर आहे तो करत नाही आणि जो करतो आहे तो तिथे हजर नाही. शरीराच्या जागेवरून कर्ता ओळखू पाहणाऱ्याला याहून स्पष्ट प्रतिउदाहरण कुठे मिळेल?

यावर पहिला आक्षेप गीतेतूनच येऊ शकतो. अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी साधने, नाना प्रकारच्या क्रिया आणि पाचवे दैव. आपल्या उदाहरणात ती पाचही सापडतात. लिनक्स यंत्र हे अधिष्ठान. दूर बसलेला माणूस हा कर्ता. कळा दाबणे, माउस हलवणे या क्रिया. कीबोर्ड, एक्सआरडीपी आणि प्रोटोकॉल ही साधने. आणि ऐनवेळी जाणारी वीज किंवा तुटणारे नेटवर्क हा दैवाचा भाग. एकट्या स्वतःलाच कर्ता समजणाऱ्याची दृष्टी चुकीची, असेही गीता लगेच सांगते. मग ‘मी केले’ म्हणण्याला काय अर्थ उरतो? आक्षेप वजनदार आहे, पण तो गरजेपेक्षा जास्त सिद्ध करू पाहतो. एकटा कर्ता नसणे आणि कर्ताच नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या पाचांच्या यादीत कर्त्याला स्वतंत्र जागा दिलेली आहे, तो साधनांत विरघळलेला नाही. फाइल पुसण्याचा आदेश पोहोचवण्यात राउटरचाही वाटा असतो, पण राउटरला ती फाइल नकोशी झालेली नसते. कारणे वाटली जातात, संकल्प वाटला जात नाही.

दुसरा आक्षेप अधिक मोहक आणि म्हणून अधिक धोक्याचा. मुंडकोपनिषदात एकाच झाडावरचे दोन पक्षी आहेत. एक फळ खातो, दुसरा नुसता पाहतो. दूरच्या पडद्याकडे पाहणारा माणूस त्या दुसऱ्या पक्ष्यासारखा, साक्षी, असे म्हणण्याचा मोह होतो. प्रवचनांतून शरीराला यंत्र आणि आत्म्याला ते लांबून चालवणारा ठरवणाऱ्या उपमा ऐकू येतात, त्यांच्या मुळाशीही हाच मोह असतो. पण उपमा इथेच फसते, कारण साक्षी चालवत नाही. व्हीएनसी या दुसऱ्या पद्धतीत ‘फक्त पाहा’ अशी सोय असते. ती चालू असेपर्यंत माणसाने स्वतःला खुशाल साक्षी म्हणावे. माउस हलला, की तो फळ खाणारा पक्षी झाला. शंकराचार्यांच्या मते कर्तृत्व हा आत्म्यावरचा अध्यास आहे हे खरे, पण व्यवहाराच्या पातळीवर ते कर्म आणि त्याचे फळ मान्य करतात. ब्रह्मज्ञानाचा हवाला देऊन सर्व्हर बंद पाडल्याची जबाबदारी झटकता येत नाही. समोर नुसते चित्र दिसत असल्यामुळे मन निर्विकार राहते, त्याला अनासक्ती म्हणू नये. तो केवळ दुरावा असतो. अमेरिकेतल्या नेवाडातील क्रीच तळावर बसून अफगाणिस्तानावर ड्रोन चालवणाऱ्यांची उदाहरणे पाहिली, तर हा फरक किती जीवघेणा आहे ते कळते.

तिसरी अडचण काळाची आहे आणि मला ती सर्वांत रोचक वाटते. खिडकीच्या फुलीवर क्लिक केले, की जोडणी तुटते. सत्र मात्र सहसा संपत नाही. लिनक्सवर सुरू केलेले काम, मग ते लांबलचक गणित असो किंवा फायलींची नक्कल, माणूस झोपी गेला तरी चालूच राहते. पुन्हा लॉग-इन केल्यावर तेच सत्र, त्याच उघड्या खिडक्या समोर येतात. सत्र खरोखर संपवायचे तर लॉग-आउटच करावे लागते. विधी आज संपतो आणि फळ पुढे कधीतरी मिळते, मधल्या काळात त्यांना जोडते कोण, असा पेच मीमांसकांपुढे होता. त्यासाठी त्यांनी ‘अपूर्व’ नावाची अदृष्ट शक्ती मानली. लिनक्सच्या बाबतीत तसे काही मानण्याची गरज नाही, प्रोसेसची यादी काढली की ती शक्ती डोळ्यांना दिसते. कर्ता उठून गेला म्हणून कर्म त्याचे राहत नाही, असे मीमांसकांना मान्य नव्हते. आपणही ते मान्य करू नये.

उरतो पासवर्डचा प्रश्न. यंत्राला माणूस दिसत नाही, त्याला नाव आणि पासवर्ड जुळलेले दिसतात. चोराने ते मिळवून घातपात केला, तर नोंदीत नाव मालकाचेच लागेल. मग अधिकारावर कर्तृत्व ठरवणारा माझा युक्तिवाद कोसळत नाही का? नाही, कारण अधिकार म्हणजे किल्ली हाती असणे नव्हे. ऋत्विजाचे यजमान वरण करतो, त्याला निवडून काम सोपवतो. चोराला कोणी वरलेले नसते, म्हणून घातपात चोराचाच. पण दार उघडे ठेवणे हेही कर्म आहे आणि त्याचा कर्ता मालक असतो. ३३८९ पोर्ट इंटरनेटवर थेट उघडे दिसले, की पासवर्ड अंदाजाने ठोकून पाहणारे प्रोग्रॅम तिथे येतातच. त्याला दैव म्हणता येणार नाही. म्हणून ते पोर्ट बाहेरच्या जगाला बंद ठेवावे, एसएसएचच्या बोगद्यातून किंवा व्हीपीएनमधून आत जावे, पासवर्ड कोणाला ‘तात्पुरता’ देऊ नये, आणि काम झाल्यावर फुली न दाबता लॉग-आउट करावे.