समजेपर्यंतचा वेळ

“सर, तुम्ही म्हणताय म्हंजी बरोबरच असंल. पोराची सही कुठं घ्यायची तेवढं दावा.”

भीमाशंकरच्या वाटेवर, तळेघरला एका ओळखीच्या घरी ओट्यावर बसलो होतो. समोर बारा हजार रुपये वार्षिक हप्त्याच्या पॉलिसीचा फॉर्म होता आणि माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची आई बोलत होती. विमा विकणाऱ्याला याहून गोड वाक्य ऐकायला मिळत नाही. पण फॉर्म पुढं सरकवायला माझा हात धजेना. तिला त्यातलं काहीच समजलेलं नव्हतं. मान हलते, तोंडातून होकार येतो, पण आत काही उतरलेलं नसतं, हे ओळखण्यातच माझी बारा वर्षं गेली होती.

त्यातली पहिली पाच याच पट्ट्यात, तासिका तत्त्वावर. मे 2012 पासून राज्यातली शिक्षकभरती जवळजवळ थांबली. 2017 मध्ये ‘पवित्र’ पोर्टल आलं, तरी रांग काही हलेना. ज्यांचा नंबर लागला, त्यांनाही प्राथमिकला शिक्षणसेवक म्हणून महिना सहा हजारच मिळत. ते मानधन सोळा हजार झालं जानेवारी 2023 पासून. तोवर मी मालदीवला गेलो होतो. तिथल्या बेटांवरच्या शाळा इंग्रजी माध्यमाच्या असतात आणि भारतातून गेलेले शिक्षक तिथं पुष्कळ आहेत. माझ्या बेटावरून डोंगर नावाची गोष्टच दिसत नसे. मुलं चित्रात डोंगर काढायची तो पुस्तकात पाहून, आणि मी त्यांना भीमाशंकरच्या वाटेवरचा पाऊस सांगायचो. सात वर्षं पगार वेळेवर आला. करार मात्र मुदतीचा, दरवेळी नव्यानं करायचा. इकडे वडिलांचं एकट्यानं राहणं कठीण होत गेलं, तसा मी परतलो. हातात जे काम आलं ते विमा विकण्याचं होतं. पगार नाही, फक्त कमिशन.

लोक मला विचारतात, शिकवणं सोडून हे कशाला? त्या प्रश्नात विक्रीबद्दल जी तुच्छता असते ती मला मान्य नाही. शिकवणं सोडून विक्रीत उतरण्याचं आपल्याकडचं सर्वांत मोठं उदाहरण आहे उद्योजक लक्ष्मणराव किर्लोस्करांचं. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रनिकेतनात ते शिकवत होते. बढतीत डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन माणसाला दिली, तेव्हा त्यांनी नोकरी सोडली आणि बेळगावात भावाबरोबर सायकली विकल्या. पुढं त्यांनी लोखंडी नांगर केला, पण लोखंडानं जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले नांगर विकले जायला दोन वर्षं लागली.

मी पुन्हा पुन्हा थांबतो तो या दोन वर्षांपाशी. शेतकऱ्याच्या मनातली शंका फिटेपर्यंत नांगर तसेच पडून होते, आणि त्या काळाचा खर्च कारखान्यानं सोसला. शंका फेडणं हे शिकवणंच आहे. त्यामुळे शिक्षक आणि विक्रेता यांच्यातला फरक मला मोठेपणाचा किंवा लहानपणाचा वाटत नाही. समोरच्याला समजेपर्यंत जो वेळ जातो त्याचे पैसे कोण देतो, यात तो फरक आहे. एखाद्या पोराला अपूर्णांक तीन महिने कळत नाहीत. त्या तीन महिन्यांचा पगार शिक्षकाला मिळतो, आणि मिळायलाच हवा. न कळण्याला सवड असावी म्हणून समाजानं केलेली ती तरतूद आहे. कमिशनवरच्या माणसाला अशी तरतूद नसते. तीन वेळा समजावून गिऱ्हाईक नाही म्हणालं, तर एसटीचं भाडंसुद्धा पदरचं. मग हळूहळू समोरच्याचं न समजणं सोयीचं वाटायला लागतं. मला हे भयंकर वाटतं, आणि मी ते स्वतःच्या आत घडताना पाहिलं आहे.

याचा हिशेबही सांगतो. विमा कायद्यातली कमिशनची कमाल मर्यादा अनेक वर्षं साधारण अशी होती: पहिल्या वर्षी हप्त्याच्या 35 टक्के, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी साडेसात, नंतर पाच. 2023 मध्ये नियम बदलले आणि कंपन्यांना मोकळीक मिळाली, तरी पहिल्या वर्षाचा वाटा मोठा असण्याची रीत मोडलेली नाही. जुन्या मर्यादेनं बारा हजारांवर पहिल्या वर्षी 4,200 रुपये, मग दोन वर्षं 900 आणि पुढं 600. म्हणजे जुनी पॉलिसी जगवण्यापेक्षा नवी गळ्यात घालणं फायद्याचं. या डोंगरात पैसा येतो हिरड्याच्या हंगामात, भाताला, नाहीतर पोराच्या चाकणच्या ठेकेदारीतून. त्यात एक वर्ष चुकलं की हप्ता थकतो, पॉलिसी लॅप्स होते आणि सुरुवातीला भरलेलं बरंचसं बुडतं. विकणाऱ्याचे 4,200 मात्र आधीच सुटलेले असतात.

प्रशिक्षणात पहिल्याच दिवशी वहीत शंभर नावं लिहायला सांगतात: नातेवाईक, मित्र, जुने ओळखीचे. याला ‘नॅचरल मार्केट’ म्हणतात. माझी शंभर नावं चटकन भरली, कारण मी शिक्षक होतो. ती वही मी परत वाचली तेव्हा ते माझं हजेरीपत्रक होतं, फक्त मुलांच्या जागी त्यांचे आईबाप होते. कागद घेऊन दारात येणाऱ्या माणसाला या पट्ट्यानं सहज घरात घेतलेलं नाही. अशाच सावकारांविरुद्ध उठलेल्या इथल्या महादेव कोळ्यांचे पुढारी राघोजी भांगरे यांना 1848 साली ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. इतकी जुनी सावधगिरी ज्यांच्या रक्तात आहे, ती माणसं मला ओट्यावर बसवून चहा देतात ती ‘सर’ या शब्दामुळे. तो शब्द मी वर्गात कमावला. मार्केटमध्ये खर्च करायला तो माझ्या एकट्याचा नाही.

भीतीचंही तसंच. गिऱ्हाइकाच्या मनात उद्याची काळजी जागी करा, असं शिकवतात. याच तालुक्यातल्या माळीणवर 30 जुलै 2014 ला डोंगर कोसळला. एसटीच्या चालकाला गाव जागेवर दिसेना, तेव्हा बाहेर कळलं. 151 माणसं गेली. इथं “उद्याचं काय सांगता येतं” एवढं म्हटलं तरी ऐकणारा गप्प होतो, माळीणचं नाव घ्यावं लागत नाही. विम्याची गरज या लोकांना खरोखर आहे, हे मी मनापासून मानतो. म्हणूनच त्या शांततेत पेन पुढं करणं मला जमत नाही.

त्या दिवशी तळेघरला फॉर्म पिशवीत घातला आणि विद्यार्थ्याच्या आईला, मावशींना, प्रधानमंत्री जीवन ज्योती विम्याबद्दल सांगितलं. अठरा ते पन्नास वयाच्या माणसाला वर्षाला 436 रुपयांत दोन लाखांचं संरक्षण, हप्ता बँक खात्यातून आपोआप जातो. त्यांचा पहिला प्रश्न आला, “पैसं माघारी भेटत्यात का?” नाही भेटत. मग कशाला भरायचे? हे सांगायला मला तीन फेऱ्या लागल्या. शेवटी मी पडकईचा दाखला दिला. भाताच्या खाचराचा बांध सगळे मिळून घालतात, ज्याच्या खाचराला यंदा गरज त्याचा आधी. मावशी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “म्हंजी आमचं पैसं दुसऱ्याच्या पोराला गेलं, तर आमचं पोरगं बरं हाय असं समजायचं.”

सात वर्षांत बेटावर एखाद्या मुलाला काही उमगलं की जे वाटायचं, तेच तेव्हा वाटलं.

त्यांनी मुलाला फोन करून बँकेत जायला सांगितलं. मी उठलो. भीमाशंकरकडून खाली जाणारी एसटी यायची होती. दारापर्यंत येत त्यांनी विचारलं, “ह्याच्यात तुमाला किती सुटत्यात, सर?”

“काही नाही, मावशी.”

त्या थांबल्या. “मंग तुमचं कसं व्हायचं?”